जिजीचं बाळंतपण

घोण पाळायची ठरल्यावर ती घरात कुठं ठेवायची, हा पहिला प्रश्न नसतो. शेजाऱ्यांना कधी सांगायचं, हा असतो. आम्ही सांगायचंच नाही असं ठरवलं होतं. पण कंपनीची गाडी आली ती दोन्ही अंगांना पुरुषभर लांबीची तांबूस घोण रंगवून. खाली लिहिलं होतं, 'आपल्या घरी सुखाची पावलं'. चित्रकार प्रामाणिक होता. त्यानं पावलं बेचाळीसच्या बेचाळीस काढली होती.

शेजारचे प्रमोदराव फिरके गॅलरीत कपडे वाळत घालत होते. ते वाकून म्हणाले, "काय शिरीषराव, पेस्ट कंट्रोल का?"

"उलटं," मी म्हटलं.

जळगावच्या उन्हात माणूस जास्त चौकशी करत नाही, म्हणून तेवढ्यावर निभावलं. संध्याकाळी ऊन उतरलं आणि कॉलनीतल्या निम्म्या लोकांना आमच्याकडे अचानक काही ना काही काम निघालं.

घोण आली होती माझ्या बायकोसाठी. चारुलताला सहा वर्षं चेहऱ्याच्या नसेचं दुखणं होतं. उजव्या गालात विजेचा झटका बसावा तशी कळ यायची, आणि त्यासाठी फार मोठं निमित्त लागायचं नाही. घास चावला, दात घासले, वारा लागला, कुणाचा हात लागला, हसू आलं, की कळ. गोळ्यांनी ती दिवसभर पेंगायची. ऑपरेशन केलं, तर दुखणं चार महिने माहेरी जाऊन आल्यासारखं ताजंतवानं होऊन परत आलं. सगळ्यात वाईट म्हणजे बोलणं. ओठ हलले की झटका. तेव्हा ती बोलायची थांबली.

मग तिच्या वतीनं मी बोलायला लागलो. नातेवाइकांचे फोन, लग्नाची आमंत्रणं, भाजीवाल्याशी वाद, सगळीकडे माझं वाक्य सुरू व्हायचं ते 'चारूचं म्हणणं असं आहे की' असं. ती मान हलवायची, भुवई उचलायची, मी त्याचा अर्थ लावायचो. अर्थ लावता लावता हात बसला. पुढं पुढं तर मान हलायच्या आधीच मला अर्थ लागायला लागला.

बोलून दाखवणारी यंत्रं बाजारात होती. त्यातलं एक आणलंही. दोन शब्द लिहिले की उरलेलं वाक्य ते स्वतःच पुरं करून गोड आवाजात म्हणायचं. चारूनं 'भाजी' लिहिलं की ते म्हणायचं, 'भाजी फारच छान झाली आहे, धन्यवाद.' आठवड्याभरात तिनं ते माळ्यावर टाकलं आणि माझ्याकडे बोट दाखवून खुणेनं सांगितलं, असं एक घरात आहे, दुसरं नको.

आता थोडं विज्ञान. थोडंच सांगतो, कारण मला तेवढंच कळलं आहे. मी नोकरी केली ती नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात. त्यामुळे मज्जातंतूंच्या भिंतीत सोडियमची ये-जा सांभाळणारी बारीक दारं असतात, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मी मनात व्हॉल्व्ह म्हटलं आणि पुढचं सोपं झालं. दुखण्याची बातमी मेंदूकडे नेणाऱ्या तंतूंमध्ये या व्हॉल्व्हचा एक खास प्रकार असतो. स्पर्शाची, उबेची लाइन वेगळी. घोणीच्या विषात अमिनो आम्लांची एक लहानशी साखळी असते, ती नेमकी त्या दुखण्याच्या व्हॉल्व्हात जाऊन बसते आणि तो बंद करते. बाकी शहराला पाणी चालू.

अडचण अशी, की ही साखळी घडी घातलेल्या रुमालासारखी दुमडलेली असते. घोणीच्या शरीराबाहेर पडली की थोड्या वेळात घडी उलगडते आणि तिचा काही उपयोग उरत नाही. कारखान्यात बनवावी तर घडी चुकते, बर्फात ठेवावी तर मोडते. शेवटी शास्त्रज्ञांनी औषध घरोघर पाठवायचा नाद सोडला आणि औषधाचा कारखानाच घरोघर पाठवला. आधी जनुकांत फेरफार करून विषातली जाळणारी, सुजवणारी द्रव्यं काढून टाकली. आता ही घोण चावली तर मुंगी चावल्याइतकंच लागतं. तिच्या दिसण्यात मात्र कुणी काही फेरफार केलेला नाही.

शिवाय परक्या जिवाचं प्रथिन रोज अंगात गेलं तर शरीर बंड करून उठतं. म्हणून सुरुवातीला कणाकणानं देऊन शरीराला त्याची सवय लावतात. त्याला अर्धं वर्ष जातं. आणि सवय लागते ती त्या एकाच घोणीची. शेजारणीची घोण चालत नाही. तिथं उसनवार बंद.

तिची पेटी काचेची, झाकणाला दोन खिट्या. तळाशी वीतभर माती आणि नारळाच्या काथ्याचा भुसा, त्यावर झाडाच्या सालींचे तुकडे, कोपऱ्यात पाण्याची उथळ वाटी. अर्धी पेटी ओलसर ठेवायची, अर्धी कोरडी. कुठं बसायचं ते ती ठरवते. खायला झुरळं, तीही कंपनीची, कारण आपल्या मोरीतली झुरळं काय काय पिऊन आलेली असतात त्याचा भरवसा नाही. एका पेटीत एकच घोण. दोन ठेवल्या तर सकाळी एकच उरते आणि ती लठ्ठ दिसते. हवा दमट हवी, पण भाजणारी नको. म्हणजे जळगावात उन्हाळाभर कूलरच्या खोलीत. कूलरची खोली आमच्याकडे एकच, ती आमची झोपायची. पेटी माझ्या उशाकडच्या टेबलावर आली आणि झोपण्यापूर्वी देवाला नमस्कार करून खिट्या तपासायची मला सवय लागली.

दर दोन दिवसांआड सकाळी तिची धार काढायची. लहानशा वाटीवर पातळ रबराचा पडदा ताणलेला असतो. चिमट्यात धरून ती वाटी तिच्यापुढं नेली की ती पडद्यावर तोंडाखालच्या दोन नख्या रोवते आणि आत एक थेंब उतरतो. तो पट्टीवर घ्यायचा आणि पट्टी लगेच गालाला लावायची. माझ्या आजोबांच्या गोठ्यात म्हशी होत्या. आजोबा असते तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला असता, दिवसाला किती देते?

चारूनं तिचं नाव जिजी ठेवलं. माझ्या थोरल्या बहिणीलाही आम्ही जिजीच म्हणतो. हा निव्वळ योगायोग आहे, असं चारू पुढं बोलायला लागल्यावर म्हणाली.

ती बोलायला लागली ती अशी. सवय लावायचा काळ संपला, पहिला पुरा थेंब गालाला लागला. ती पलंगावर बसली होती, मी समोर पट्टीची वेष्टनं गोळा करत होतो. तिनं हळूच एक बोट गालावर ठेवलं. मग सगळा तळवा ठेवला. मग म्हणाली, "पंखा वाढवा."

मी पंखा वाढवला. सहा वर्षांत आमच्याकडे पंखा एकच्या पुढं गेला नव्हता. केस उडायला लागले तिचे. डोळे मिटून ती वाऱ्याकडे तोंड करून बसली. मला वाटलं, आता ही काहीतरी हृदयाला भिडणारं बोलणार.

"आणि वांग्याच्या भरतात तेल कमी घालत जा," ती म्हणाली.

त्यानंतर तिनं माझी विधानं मागं घ्यायला सुरुवात केली. भावाला फोन करून सांगितलं, की तुझ्या घराचा जांभळा रंग मला आवडला असं मी कधीच म्हटलं नव्हतं. माझ्या बहिणीला, म्हणजे दोन पायांच्या जिजीला, सांगितलं की दिवाळीत तुम्ही महिनाभर राहावं हा माझा आग्रह नव्हता. कॉलनीत लोक मला थांबवून विचारायचे, "वहिनी असं म्हणतात, खरं का?" आणि मी म्हणायचो, "असेल. मला कुठं काय माहीत असतं." हे मी पहिल्यांदाच खरं बोलत होतो, पण तो माझा विनय आहे असं लोक समजायचे.

एक फोन मात्र मला जड गेला. आमची एकुलती एक मुलगी सानिका लग्न होऊन नागपूरला असते. ती म्हणाली, "पप्पा, लग्न वर्षभर पुढं ढकलू का, असं मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, आईचं म्हणणं आताच करू."

"मान हलवली होती ना तिनं. मी समोर होतो."

"ती म्हणते, पंख्याचा वारा लागला म्हणून मान वळवली होती."

सानिकानंच मग हसून विषय बदलला. तिचं तसं बरं चाललं होतं. शिवाय तिच्याकडे बातमी होती. तिला दिवस गेले होते.

पहिलं बाळंतपण माहेरी, हे चारूनं माझ्याही आधी फोनवर जाहीर करून टाकलं. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ गालावरून हात फिरवत बसली. "सहा वर्षं कुणाला शिवू दिला नाही," ती म्हणाली. "आता ते पोर येईल आणि चापट्या मारील. मारू दे. मी गाल पुढं करून बसणार आहे."

उन्हाळा लागला. तोवर आमच्यावरून बोध घेऊन फिरक्यांनीही प्रमोदरावांच्या कंबरेसाठी घोण आणली होती. ते घोणीतलं पुरुष माणूस होतं. नाव पैलवान. ऐन वैशाखात फिरके मंडळी थंड हवेला निघाली आणि पैलवानाला आमच्या स्वाधीन करून गेली.

कूलरच्या वाऱ्यात एकाच पेटीपुरती जागा होती. मी म्हटलं, पैलवानाची पेटी स्वयंपाकघरात ठेवू.

"ओट्याशेजारी?" चारू म्हणाली. "पाहुण्याला भट्टीत ठेवायचं आणि आपली तेवढी गारव्यात? लोक काय म्हणतील?"

"लोकांना कोण सांगतंय?"

"पैलवान मेला म्हणजे कळेलच की."

जिजीची पेटी ऐसपैस होती. आम्ही तिच्या मधोमध बारीक जाळी उभी केली, आणि ओली बाजू पाहुण्याला दिली, कारण घरच्या माणसानं थोडं सोसायचं असतं. जाळी मी स्वतः बसवली. मातीच्या वर ती अगदी पक्की होती. जमिनीखालून काय काय वाहतं याचा विचार जन्मभर पाणीपुरवठ्यात काढलेल्या माणसानं करायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी दोघं एकाच बाजूला होती, आणि दोघंही जिवंत होती. कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे हे अशक्य होतं.

"चांगल्या घरातली आहेत," चारू म्हणाली.

फिरके परत आले, पैलवानाला घेऊन गेले, कूलर लावल्याबद्दल दार्जिलिंगचा चहा देऊन गेले. मग काही आठवड्यांनी जिजीनं झुरळाकडे पाठ फिरवली, सालीखाली खळगा केला आणि त्यात वेटोळं घालून बसली. धारेची वाटी पुढं केली तर नुसती मिशी हलवली. मी कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. तिथं बोलणाऱ्या बाईंना पालकताई म्हणतात.

"वेटोळ्याच्या आत पिवळसर मणी दिसतात का, दादा?"

"दिसतात."

"मग अभिनंदन. म्हणजे घोणीचं. करारात प्रजनन बसत नाही, ते निष्काळजीपणात धरतात."

पालकताईंनी सगळं नीट समजावून सांगितलं. घोण अंड्यांभोवती सगळे पाय आवळून बसते. बुरशी धरू नये म्हणून एकेक अंडं चाटून साफ करते. अन्नाला शिवत नाही. पिल्लं निघाली तरी ती स्वतःच्या पायांवर चालू लागेपर्यंत हलत नाही. तोवर धार नाही. आणि मधेच कुणी त्रास दिला, घाबरवलं, तर ती अंडी वाचवत बसत नाही. खाऊन टाकते.

"खाऊन टाकल्यावर?"

"आठवड्यात पुन्हा धार सुरू होते. तुमचं काम अडत असेल तर पेटीवर दोनदा जोरात ठोका. बहुतेक सगळे तेच करतात, दादा. आम्ही सांगितलं म्हणून सांगू नका."

मी हे चारूला सांगितलं तेव्हा तिच्या गालाला शेवटची पट्टी होती. सानिका पुढच्या आठवड्यात यायची होती. बाळ जुलैत येणार होतं, आणि जिजी ऑगस्टच्या आत उठणार नव्हती. चारूनं सगळं ऐकून घेतलं.

"नाही ठोकायचं," ती म्हणाली.

"आठवड्याचा तर प्रश्न आहे. बाळ यायच्या आत तू पुन्हा ठीक होशील."

"पोटुशी लेक घरात यायची, आणि मी एका बाळंतिणीला भेदरवून तिचीच अंडी तिला खायला लावू?"

"चारू, तो किडा आहे."

"तिचं सोडा. ठोकणारा हात माझा असेल ना? तोच हात मग बाळाला लावायचा."

"मी ठोकतो."

"तुमचा हात काय लाकडाचा आहे?"

"आणि तुझा गाल?"

"गाल माझा आहे," ती म्हणाली, आणि विषय संपला. मीही फार ताणून धरलं नाही. त्यात माझा सगळाच मोठेपणा होता असं नाही. माझी जुनी जागा रिकामी होत होती, आणि सहा-सात महिने बिनकामाचा बसलेला माणूस अशा वेळी फार वाद घालत नाही.

पट्टीचा असर ओसरेपर्यंत चारू बोलत राहिली. डिंकाच्या लाडवांना तूप कोणत्या दुकानातलं, अळीव कधी भिजवायचे, न्हाऊ घालणाऱ्या बाईंना काय सांगायचं, वसुधाताईंशी, म्हणजे सानिकाच्या सासूबाईंशी, कोणत्या विषयावर बोलायचं नाही. "आणि हे बघा, सानिकाला खारीक" एवढं म्हणाली आणि तिनं गालावर हात दाबला. खारकेचं काय करायचं होतं ते मला अजून माहीत नाही.

सानिका आली. आईनं बोटानं पेटी दाखवली, मी सविस्तर सांगितलं. ती आधी हसली, मग चिडली.

"आई, अंडी आहेत गं ती! किड्याची!"

चारूनं मान डोलावली. होय, अंडीच आहेत.

"मला तू बोलायला हवी आहेस. मला भीती वाटते. मला रात्री कुणीतरी सांगायला हवं की काही होत नाही. पप्पा सांगतात, पण त्यांना काय माहीत?"

हे माझ्यासमोरच चाललं होतं. चारूनं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि केसांतून हात फिरवत राहिली. पण हाताला शब्द नसतात. सानिका रडत राहिली.

दोन-तीन दिवसांनी दुपारी मी वर्तमानपत्र घेऊन पडलो होतो, तर सानिका पोट सांभाळत खोलीत आली. हातात वरणाचा मोठा डाव होता. ती सरळ पेटीपाशी गेली. मी पाहत होतो. उठलो नाही. मनात आलं, घरातल्या कुणीतरी ठोकलंच, आणि तो मी नव्हतो, तर कुणाचंच काही बिघडत नाही.

"सानू! ठेव तो!"

दारात चारू उभी होती. एवढं ओरडल्यावर ती तिथंच भिंतीला टेकली आणि हळूहळू खाली बसली. गाल दोन्ही हातांत धरलेला, डोळे घट्ट मिटलेले, खांदे गदगदत होते. एकामागून एक झटके येत होते. आम्ही दोघं तिच्याजवळ बसून राहिलो, कारण अशा वेळी तिला हात लावायचीही सोय नसते. सानिकाच्या हातात डाव तसाच होता. जरा वेळानं ती उठली, डाव स्वयंपाकघरात ठेवून आली आणि म्हणाली, "आई, मी पुन्हा नाही विचारणार. तू बोलू नकोस."

वेटोळं हललं नव्हतं.

मी त्या दिवसापासून एक गोष्ट बदलली. फार मोठी नाही. कुणी फोनवर विचारलं, चारुलता काय म्हणतात, तर मी 'थांबा, विचारतो' म्हणायला लागलो. ती माझ्या मनगटावर दाबून सांगायची. एक दाब म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. आणि नुसतंच मनगट धरून ठेवलं, तर तुम्ही गप्प बसा. ही तिसरी खूण सगळ्यात जास्त वापरात आली. फोन लांबायला लागले, आणि माझ्या लक्षात आलं की मी ज्याला हो समजत होतो त्यातलं निम्मं नाही होतं.

मुलगी झाली. सुखरूप. चारूनं बाळंतपण केलं ते एका शब्दाशिवाय. लाडू वळले, लेकीचं अंग चोळून घेतलं, पोरीला न्हाऊ घातलं. फक्त शेपा-ओव्याची धुरी दिली नाही, कारण घोण अंगावरच्या बारीक भोकांतून श्वास घेते आणि धुरानं गुदमरते. न्हाऊ घालणाऱ्या बाई रुसल्या. "धुरीशिवाय बाळंतीण मी आजवर पाहिली नाही," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "घरात दुसरी आहे." त्या आत जाऊन पेटीत डोकावल्या आणि परत येऊन निमूटपणे तेल लावायला बसल्या. पुन्हा धुरीचं नाव काढलं नाही.

जिजीच्या वेटोळ्यातही आता पांढुरकी पिल्लं वळवळत होती. हे कळल्यावर प्रमोदराव पेढे घेऊन आले. "या व्याही," म्हणून त्यांनी मला मिठी मारली. "पिल्लांना वळण पैलवानाचं दिसतंय." पाठोपाठ कंपनीचं पत्र आलं, की सर्व पिल्लं कंपनीच्या मालकीची आहेत. पत्र वाचून प्रमोदराव खवळले. मुलाकडच्यांना काही मानच नाही, म्हणाले.

फक्त एक गोष्ट चारू करत नव्हती. पोरीला ती मांडीवर आडवी घ्यायची, छातीशी उभी धरायची नाही. कुणी तिच्या खांद्यावर द्यायला गेलं तर मागं सरायची. झटका आला आणि हात सुटला तर? शिवाय पोरीचा हात सारखा भिरभिरत असायचा, कुठंही लागायचा. मला हे ठाऊक होतं, सानिकाला ठाऊक होतं. पण नागपूरहून व्हिडिओ कॉलवर वसुधाताई रोज पाहत होत्या, आणि त्यांना वेगळंच काही दिसत होतं.

"भाऊसाहेब, चारुताई बऱ्या झाल्या होत्या ना? उन्हाळ्यापर्यंत तासतासभर बोलायच्या माझ्याशी."

"हो. पण मधे घोणीला अंडी झाली."

काही कारणं खरी असूनही सांगण्याजोगी नसतात.

बारशाला त्या आल्या. हॉलमध्ये पाळणा बांधला होता, कॉलनीतल्या बायका जमल्या होत्या. आत्यानं पोरीच्या कानात नाव सांगितलं, रेवा. पाळणे म्हणून झाले, घुगऱ्या वाटल्या. मग रेवाला एकीच्या हातून दुसरीकडे असं फिरवणं सुरू झालं. ती चारूपर्यंत आली तेव्हा चारूनं हात पुढं केले नाहीत. रेवाला पुन्हा पाळण्यात ठेवलं.

वसुधाताई घुगऱ्या खात होत्या. त्या फार मोठ्यानं बोलल्या नाहीत, पण नेमक्या त्याच वेळी बाकीच्या गप्प होत्या.

"मुलगा असता तर घेतला असता, असं आपलं मला वाटतं."

सानिकाचा चेहरा उतरला. फिरकेवहिनींनी वाटी खाली ठेवली. सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. माझं उत्तर तयार होतं. नस, व्हॉल्व्ह, साखळीची घडी, जाळी, सगळं क्रमानं. चारूचं म्हणणं असं आहे की, इथपर्यंत तर जिभेवर आलंच होतं. मी तिच्या शेजारी जाऊन मनगट पुढं केलं. तिनं ते धरलं, आणि धरूनच ठेवलं.

मग सोडलं. ती उठली, पाळण्यापाशी जाऊन तिनं पाट ओढला आणि भिंतीला पाठ लावून खाली बसली, म्हणजे हात सुटले तरी पोर मांडीतच पडेल. सानिकाला खूण केली. सानिका म्हणाली, "आई, नको." चारूनं पुन्हा खूण केली.

सानिकानं रेवाला तिच्याकडे दिलं. चारूनं तिला उभी धरली, उजव्या बाजूला. रेवानं मान डगमगवली, जांभई दिली, आणि तिचा पाच बोटांचा पंजा उघडून आजीच्या गालावर थापला.

चारूचं अख्खं अंग ताठ झालं. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, धार धरून. पण हात सुटले नाहीत, आणि तिनं गाल मागं घेतला नाही. पंजा तिथंच. रेवा त्वचा चिमटीत पकडायचा प्रयत्न करत होती.

"बघा, डोळे भरून आले आजीचे," कुणीतरी मागून म्हणालं, आणि दोघीतिघींनी पदर डोळ्यांना लावले.

वसुधाताई जरा विरघळल्या. मला म्हणाल्या, "काय म्हणतात चारुताई?"

"त्यांनाच विचारा," मी म्हटलं.

चारूनं डोळे उघडले. ती बोलली तेव्हा एकेका शब्दावर ओठ थरथरत होते, आणि प्रत्येक शब्दानंतर ती पुढच्यासाठी थांबत होती.

"दुखतंय," ती म्हणाली. "खूप. राहू दे तिचा हात."

पदर खाली आले. वसुधाताईंनी सानिकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे वळल्या, सवयीनं.

"म्हणजे काय म्हणाल्या त्या?"

"तुम्ही ऐकलंत ना?"

"ऐकलं."

"मग तेवढंच," मी म्हटलं.